मणक्याचा कौल

बारामती-इंदापूरकडे पाहण्यासारखं काय आहे, असं परत आल्यापासून मला जो तो विचारतो. खरं सांगायचं तर मला नीट सांगता येत नाही. जाताना आणि येताना बहुतेक वेळ मी एका लाकडी पेटीकडेच पाहत होतो. त्या पेटीच्या आजूबाजूने जेवढा मुलूख दिसला, तेवढाच मला ठाऊक आहे.

पेटीत एक मणका होता. शेपटीचा मणका, आणि शेपटी कुणाची, तर डायनोसॉरची. आमचे प्राध्यापक त्याला महासरट म्हणतात. लांबच लांब मान, लांबच लांब शेपूट, मध्ये चार खांबांवर तोललेलं धूड, आणि खाणं काय, तर झाडपाला. आमच्या व्याख्यानगृहात त्याला तिरपा आडवा केला असता तरी तो मावला नसता. माणूस नावाची गोष्ट जगात यायच्या कोट्यवधी वर्षं आधी हा प्राणी आपल्याच देशात हिंडत होता. त्याचा हा मणका चांद्याकडच्या मातीत सापडला आणि कसाबसा आमच्या कॉलेजच्या कपाटात येऊन पोचला. असा दुसरा आमच्याकडे नाही.

मी त्या कॉलेजात प्रदर्शक, म्हणजे डेमॉन्स्ट्रेटर आहे, तोही हंगामी. गावोगावच्या शाळांतून विज्ञानाची व्याख्यानं द्यायची टूम निघाली तेव्हा मला बोलावणं आलं. ''जूनमध्ये तुम्हाला कायम करण्याचा विचार आहे,'' प्राध्यापक म्हणाले. मग चष्मा पुसत म्हणाले, ''मणका जसा नेताय तसाच परत आणा.'' या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे असं ते म्हणाले नाहीत. तो मी जोडला, आणि तेव्हापासून माझी झोप उडाली.

दुसरी काळजी घरी होती. शांताला आठवा महिना चालू होता. आमचं पहिलं मूल बारशापर्यंतही राहिलं नव्हतं. त्यामुळे या खेपेला तिने जरा कूस बदलली तरी मी उठून बसत असे. ''तुम्ही जाऊन या,'' ती म्हणाली, ''तुम्ही घरात असलात की मलाच जास्त भीती वाटते.''

बारामती

दौंडला गाडी बदलून आम्ही, म्हणजे मी आणि मणका, त्या लहानग्या रेल्वेने बारामतीला उतरलो. हमालाला मी पेटी उचलू दिली नाही. त्यामुळे स्टेशनाबाहेर येईपर्यंत माझ्या खांद्यातून कळा येऊ लागल्या आणि हमाल माझ्यामागून रिकाम्या हाताने, मोठ्या कुतूहलाने चालत होता.

उतरायची सोय शाळेतल्या एका शिक्षकांच्या घरी होती. त्यांच्या पत्नीने शेंगोळी केली होती. हुलग्याच्या पिठाची, लसणाची, झणझणीत. डोळ्यांतून पाणी आलं तरी ताटातून हात निघेना. जेवताना घरातली सगळी माणसं 'पाळी'बद्दल बोलत होती. कुणाची पाळी आली, कुणाची चुकली, कुणी कुणाच्या पाळीत हात मारला. ही कालव्याच्या पाण्याची पाळी, हे कळायला मला निम्मं जेवण लागलं. पुण्यात आम्ही नळ गेला की कुरकुरतो आणि नळ आला की विसरतो. इथे पाणी सुटलं की माणसं बोलता बोलता उठून शेताकडे जातात, आणि पाहुण्याला त्याचा राग यायचं कारण नसतं.

व्याख्यान चांगलं झालं. मी फळ्यावर प्राणी काढला. मान काढता काढता फळा संपला, तेव्हा उरलेली मान भिंतीवर हाताने दाखवली. मग मणका टेबलावर ठेवला. या मणक्याचं एक टोक वाटीसारखं खोलगट आहे आणि दुसरं चेंडूसारखं गोल. एकाचा चेंडू पुढच्याच्या वाटीत, असे मणके ओवलेले असतात. वाटी खाली ठेवली की तो स्थिर बसतो. चेंडू खाली ठेवला की घरंगळतो. म्हणून मी तो नेहमी गोल टोक वर करून ठेवतो. ही गोष्ट तेव्हा अगदी किरकोळ होती.

''सर, त्याचा घास पोटात पोचायला किती वेळ लागत असंल?'' एकाने विचारलं. दुसऱ्याने विचारलं, ''दिवसाला किती ऊस खाईल?'' त्यावर मुलांपेक्षा हेडमास्तरच जास्त हसले, कारण त्यांची स्वतःची उसाची शेती होती. तिसऱ्याने विचारलं, की तो आमच्याकडे का सापडत नाही. मी सांगितलं, की आपला हा सगळा भाग काळ्या कातळाचा, जमिनीतून उसळलेल्या रसाचा. थरावर थर साचलेत. खाली कुणी असलंच, तर ते कुणाला दिसायचं नाही. मुलं आपल्या पायांखालच्या फरशीकडे पाहत राहिली.

इंदापूर

इंदापूरला पोचेपर्यंत हिरवा रंग हळूहळू मागे पडत गेला. कालव्याचं पाणी जिथे पोचतं तिथे ऊस, आणि जिथे पोचत नाही तिथे नजर जाईल तिथवर ज्वारी आणि मोकळं माळरान. वरकुट्याकडून आलेले एक गृहस्थ व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसले होते. शेवटी त्यांनी मणक्याला हात लावायची परवानगी मागितली. हात लावून झाल्यावर त्यांनी तो धोतराला पुसला नाही, नुसता हवेत धरून ठेवला. ''हाड हाय न्हवं,'' ते म्हणाले, ''घरी जाऊन अंघोळ करावी लागंल.'' सगळे हसले, मीही हसलो. तेव्हाच मी काही शिकायला हवं होतं.

वस्तीवर

परतीच्या वाटेवर सणसरच्या अलीकडे यष्टी बंद पडली. कंडक्टरने टपावरचं सामान उतरवायला सुरुवात केली. मी 'थांबा, थांबा' म्हणत धावलो, पण तोवर पेटी खाली येत होती. पेटी हातात राहिली आणि तिचा तळ सुटला. मणका रस्त्याकडेच्या फुफाट्यात धप्पकन पडला. मी गुडघ्यांवर बसून त्याला सगळीकडून चाचपला. फुटला नव्हता. टवकासुद्धा उडाला नव्हता. तरी मी पुन्हा चाचपला.

लोक पांगले. मी बिनतळाची पेटी आणि उघडा मणका घेऊन रस्त्यावर बसलो होतो, तेवढ्यात एक रिकामी बैलगाडी आली. हाकणारा साठीचा माणूस, गळ्यात तुळशीची माळ. बाजाराला वांगी घालून परत चाललेला. पुढे त्याला सगळे तात्या म्हणतात असं कळलं, म्हणून मीही तसंच म्हणतो.

''काय हाय वो मास्तर ते?'' त्याने विचारलं.

''हाड आहे. फार मोठ्या प्राण्याचं.''

मणका उचलून गाडीत घालायला वाकलेले तात्या तसेच सरळ झाले. ''मग न्हाय जमायचं. गळ्यात माळ हाय. हाड घिऊन दारात कसं जायचं?''

सूर्य कलला होता. त्या रस्त्याला दुसरं वाहन येईल याची खात्री नव्हती. मी घाईघाईने समजावलं, की हाड मातीत गाडलं जातं, हळूहळू झिजतं, आणि त्याच्या जागी कणाकणाने दगड भरत जातो. आकार हाडाचा, पण आता हा दगडच आहे. त्यात खोटं काही नव्हतं. वर्गातही मी हेच सांगतो.

तात्यांनी चाबकाच्या दांडीने मणका वाजवून पाहिला. ''दगडच हाय की. मग आदुगर हाड कशापायी म्हनला?''

''शास्त्रात तसं म्हणतात.''

''शास्त्रात काय बी म्हनत्यात,'' असं म्हणून त्यांनी मणका एकट्याने उचलून गाडीत ठेवला.

त्यांची वस्ती कालव्याच्या फाट्यालगत होती. धाब्याचं घर, पुढे वांग्याचे वाफे, मागे ऊस, दारात डेरेदार कडुनिंब. तात्यांचा मुलगा साखर कारखान्यावर कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशीच घरी यायचा. घरात तात्या, त्यांची सून यमुना आणि तिचं दीड-एक वर्षाचं पोरगं, किसन. मी मणका निंबाखाली पोतं अंथरून ठेवला. नेहमीप्रमाणे गोल टोक वर करून.

भाकरी, वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा खर्डा असं जेवण झालं. एरवी मी त्यावर तुटून पडलो असतो. पण किसन आजारी होता. अंगात ताप, दूध पोटात टिकत नव्हतं. बारामतीच्या डॉक्टरांनी दिलेली औषधाची बाटली फळीवर होती. पोरगं रडतही नव्हतं, नुसतं आईच्या खांद्यावर पडून होतं. ते मला पाहवेना. असं गप्प पडलेलं मूल मी आमच्या घरी पाहिलं आहे. मी तोंड फिरवून बसलो, आणि यमुनाबाईंनी ते पाहिलं असावं.

सकाळी तात्या म्हणाले, की सणसरला सुतार आहे, तो तळ बसवून देईल. पेटी तेवढी घेऊन जावं, दगड कशाला वागवता. त्यांनाही उसाला पाणी द्यायचं होतं. मी निंबाकडे दहा वेळा वळून पाहत निघालो.

सुतार गुऱ्हाळावर चरकाचं लाकूड दुरुस्त करत होता. त्याने पेटी पाहिली आणि हिच्यात काही अर्थ नाही, नवीनच करतो, असं सांगून टाकलं. मी वस्तूचं माप हातांनी दाखवलं. ते दर वेळी वेगळं आलं. ''नक्की काय ठेवायचंय, मास्तर? भोपळा का बाळ?'' त्याने विचारलं. गुऱ्हाळवाल्याने रस दिला, मग कढईतून काढलेला ऊन ऊन गूळ पळसाच्या पानावर दिला. त्या गुळाची चव अजून जिभेवर आहे. घरी शांताला नेण्यासाठी मी थोडा मागूनही घेतला. त्या सगळ्या प्रवासात मी निर्धास्त होतो ती एवढीच वेळ.

नवी पेटी डोक्यावर घेऊन दुपार कलताना वस्तीवर आलो. लांबूनच निंबाखाली माणसं दिसली. गाईगुरांना काही झालं का, अशी शंका आली. जवळ गेलो आणि माझे पाय थांबले.

मणक्याला शेंदूर लावला होता. गोल टोकाला तेलात कालवलेला दाट शेंदूर, त्यावर हळदकुंकू, शेवंतीची फुलं. पुढे फुटलेला नारळ आणि उदबत्ती. आसपासच्या वस्त्यांवरच्या बायाबापड्या डोकं टेकवत होत्या. शेंदूर लावलेले असे गोल दगड, ज्यांना तांदळा म्हणतात, मी या वाटेवर झाडाझाडाखाली पाहिले होते. हा त्यांच्यात सहज खपला असता, किंबहुना त्यांच्यापेक्षा जास्त देखणा दिसत होता.

यमुनाबाई ओसरीवर बसल्या होत्या. मांडीवर किसन झोपला होता. त्याच्या कपाळावर घाम होता, ताप उतरल्याचा.

''सकाळच्याला ह्येला घिऊन झाडाखाली बसले,'' त्या म्हणाल्या. ''ह्यानं हात पुढं केला आन् दगडाला लावला. लावला तो काढंनाच. मग दूध प्याला, मास्तर. चार रोजानं प्याला आन् पोटात ठरलं. म्या मग दगड धुतला आन् तीर्थ पाजलं.''

औषधाने गुण आला असेल, तापाची मुदत संपली असेल, हे सगळं मनात येऊन गेलं. पण तीर्थ पाजलं या शब्दापाशी मी अडकलो. आता मी 'हाड' हा शब्द उच्चारला, तर मणका मला तिथल्या तिथे परत मिळाला असता. कुणी त्याला हातही लावला नसता. आणि या माळकऱ्यांच्या सुनेने आपल्या आजारी पोराला हाड धुतलेलं पाणी पाजलं, हे तिला आयुष्यभर वागवावं लागलं असतं. पोराला पुढे काही झालं असतं, तर त्याचं खापर तिने स्वतःवरच फोडलं असतं. आणि बोललो नाही, तर मणका जाणार, आणि त्याच्याबरोबर माझी नोकरीही.

मी तात्यांना विहिरीपाशी गाठलं. ''तात्या, तो माझा नाही. सरकारी वस्तूसारखा आहे. मला तो परत न्यायलाच हवा.''

''आता कसा न्याल? शेंदूर लागला.'' तात्या स्वतःही अडचणीत आले होते. ''तुमीच म्हनला दगड हाय. दगडाचा देव व्हायला कितीसा येळ लागतोय?''

''मग करायचं काय?''

''आबाला इचारू.''

आबा पलीकडच्या वस्तीवरचे. पूर्वी त्यांच्या घरी मेंढरं होती, आता थोडी शेती. पण देवाधर्माच्या बाबतीत आजूबाजूची माणसं अजून त्यांच्याच शब्दावर चालत. ते काठी टेकत आले, मणक्याला नीट न्याहाळून बसले. हा कोण, यावर आधी थोडा वाद झाला. कुणी म्हसोबा म्हणालं, कुणी बिरोबा. ''कोन हाय ते मागनं ठरवू,'' आबा म्हणाले. ''ऱ्हातो का जातो, ते त्येलाच इचारू. कौल लावू.''

ज्यांनी कौल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाण्यात बुडवलेल्या दोन पाकळ्या देवाच्या दोन बाजूंना चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग पाकळी पडेपर्यंत सगळे गप्प बसून राहतात.

आबांनी पाकळ्या लावल्या. ''देवा, मास्तरसंगं जानार का?'' असं मोठ्याने विचारलं. मी विज्ञानाचा पदवीधर आहे. चार भिंतींच्या आत मी अशा गोष्टींची टिंगल केलेली आहे. पण त्या वेळी मी हात जोडून मांडी घालून बसलो होतो, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडपाला खाऊन मेलेल्या एका जनावराच्या शेपटीला मनातल्या मनात विनवत होतो, की बाबा, उजवी पाड.

डावी पडली.

''न्हाय म्हनतोय,'' आबा म्हणाले. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एका बाईने माझ्याकडे बघून समजूत घालावी तशी मान हलवली. मी जाऊन नव्या पेटीवर बसलो. प्राध्यापकांना काय सांगायचं, शांताला काय सांगायचं, याची जुळवाजुळव करू लागलो, पण एकही वाक्य जुळेना.

थोड्या वेळाने यमुनाबाई किसनला खांद्यावर टाकून जवळ येऊन उभ्या राहिल्या.

''मास्तर, घरी कोन असतंय तुमच्या?''

''बायको आहे. आठवा महिना चालू आहे.''

''पयलं?''

''नाही. पहिलं राहिलं नाही.''

पोराच्या पाठीवरचा त्यांचा हात तेवढा हलत राहिला. ''आन् ह्यो न्हाय नेला तर?''

''तर मला नोकरीवर ठेवणार नाहीत.''

मी दया यावी म्हणून हे बोललो का, असं नंतर मी स्वतःला विचारलं आहे. तेव्हा फक्त खरं होतं ते तोंडून गेलं. त्या तशाच वळल्या आणि आबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

''आबा, पुन्यांदा कौल लावा. म्या इचारते.''

''एकदा दिला तो दिला, पोरी.''

''माझ्याच लेकराला पावलाय न्हवं? मग माझं ऐकंल.''

आबांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी अडवलं नाही. यमुनाबाईंनी किसनला माझ्याकडे दिलं, कारण जवळ मीच होतो. ते घामेजलेलं, हलकं पोरगं माझ्या छातीला टेकलं आणि मला हलायची भीती वाटू लागली. त्यामुळे मी अगदी स्थिर होतो आणि समोरचं सगळं नीट पाहत होतो. त्यांनी दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या. डावी तशीच लावली, दाबून. उजवी लावण्याआधी ओंजळीआड पदराला टिपली.

''देवा,'' त्या म्हणाल्या, ''हितलं तुझं काम झालं. दुसऱ्या घरी लेकरू यायचंय. तिकडं जा.''

उजवी पाकळी लगेच पडली.

''जातो म्हनतोय,'' आबा म्हणाले. त्यांनी काही पाहिलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. ते उठले आणि निंबाच्या बुंध्याकडे बघत म्हणाले, ''आता त्येची पाठवनी नीट करा.''

पेटी मला भरू दिली नाही. मणक्याला पाणी घातलं, नवी फुलं वाहिली, उसाचं पाचट आणि जुनी फडकी घालून यमुनाबाईंनीच तो आत बसवला. मी मध्ये मध्ये 'सांभाळून' म्हणत होतो. ''किती वो भ्याता, मास्तर,'' त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. मी पोराच्या कपाळाला हात लावून पाहिला. गार होतं. पण ताप संध्याकाळी परत चढतो, हे मला माहीत होतं, आणि त्यांनाही माहीत असणारच. मी निघून गेल्यावर तो चढला तर त्या काय म्हणतील, हा विचार डोक्यातून जाईना. देव गेला म्हणून चढला, असंच म्हणतील.

रस्त्यापर्यंत तात्यांनीच गाडीने सोडलं. वस्तीचं टोक गेल्यावर त्यांनी बैल सावकाश केले.

''मास्तर, आता खरं सांगा. हाड हाय का दगड?''

''दोन्ही,'' मी म्हणालो.

तात्या गळ्यातली माळ नीट करत म्हणाले, ''तितं गेल्यावर काय म्हनायचं ते म्हना. हितं नगं.'' यष्टी आली तेव्हा त्यांनी पेटी स्वतः आत आणून माझ्या पायाशी ठेवली.

पुणे

प्राध्यापकांनी पेटी माझ्यासमोरच उघडली. मणका टेबलावर ठेवून भिंगातून सगळीकडून पाहिला. मी दाराला टेकून उभा होतो. शेंदूर बारीक भोकांत शिरला होता, तो काही निघाला नव्हता. ''हा लाल रंग कसला?'' त्यांनी विचारलं. मी शेंदूर म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मणक्याकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. ''धक्का लागलेला नाही,'' ते म्हणाले. मग पाचटातून काहीतरी चिमटीत धरून वर काढलं. ''पॅकिंग मात्र उत्तम केलंत.''

ते लहान मुलाचं अंगडं होतं. धुऊन धुऊन विरलेलं, एका बाहीला ठिगळ, आणि गळ्याशी दुधाचा पुसट डाग. ते मणक्याच्या खाली, वाटीच्या खोलगट भागात येईल असं, घडी करून ठेवलं होतं. मी ते खिशात घातलं आणि मणका कपाटात गेला.

घरी येताना मला धास्ती वाटू लागली. यमुनाबाईंनी हे अंगडं देवापाशी ठेवलं असणार. पोरगं तुझ्या नजरेत ठेव, असं काहीतरी मनात धरून. आणि मी ते देवापासून वेगळं करून आणलं. पोराला तिकडे परत ताप आला असेल का, या विचाराने मी जिन्यावरच थांबलो. उद्या पुन्हा कॉलेजात जाऊन कपाटात ठेवावं, असं ठरवलं.

शांता भिंतीला टेकून बसली होती. मी तिला गूळ दिला आणि सगळी हकिगत सांगितली, अगदी टिपलेल्या पाकळीपर्यंत. मग अंगडं दाखवलं आणि ते परत ठेवायला जाणार आहे म्हणून सांगितलं.

तिने ते हातात घेतलं. उलटं करून पाहिलं, ठिगळावरून अंगठा फिरवला.

''हे देवाला नाही ठेवलेलं,'' ती म्हणाली. ''आपल्याला दिलंय.''

''कशावरून?''

''बाळाला पहिलं अंगडं नवं घालत नाहीत. दुसऱ्या मुलाचं जुनं घालतात.'' ती जरा थांबली. ''कुणाचंही चालत नाही. जगलेल्या मुलाचं लागतं. आई ते केव्हा देते, माहीत आहे? आपलं मूल आता कुठे जात नाही, असं तिला पक्कं कळलं की.''

मी तिच्याशेजारी बसलो. शांताने बाळाच्या कपड्यांचं गाठोडं पुढे ओढलं आणि सोडलं.

''मागच्या वेळी आपण नवंच घातलं होतं,'' ती म्हणाली, आणि ते अंगडं सगळ्यांत वर ठेवलं.